वाजवून न घेतलेल्या विटा

बेलवलीच्या बौद्धवाड्यात गयाबाईकडं कुणी मीठ मागो, तेल मागो, रात्रीची भाकरी मागो, ती देऊन मोकळी व्हायची. वीट मात्र मागायची सोय नव्हती. जयदेवला न्हाणीचा कोपरा बांधायला सहाच विटा हव्या होत्या. वाड्याच्या समितीचा अध्यक्ष माणूस, वाटलं आपल्याला कोण नाही म्हणणार. गयाबाईनं त्याला वाड्यासमोर असा धुतला की पुढं आठ दिवस तो त्या वाटेनं फिरकला नाही. मागल्या दारानं कामाला जायचा.

विटा तिच्या नव्हत्या, विहाराच्या होत्या. त्याचं असं झालं होतं की सत्तरच्या पुढं वाड्यानं दोनदा विहारासाठी वर्गणी काढली आणि दोन्ही वेळा ती कुठं गेली हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. सगळे एकमेकांचे भाऊबंद, विचारणार कोण? मग ऐंशी साली बैठकीत गयाबाई उठली. नवरा भगवान दोन वर्षांपूर्वी वारलेला, पदरात एकुलता मधू, आणि नदीकाठच्या वीटभट्टीवर रोजचं काम. बायकांनी बैठकीत बोलायची तेव्हा फारशी पद्धत नव्हती, पण हिला पद्धत कोण शिकवणार? ती म्हणाली, "पैसा हाताला चिकटतो. विटा गोळा करा. वीट कुणी खात नाय."

लोक हसले, पण पटलं सगळ्यांना. तेव्हापासून वाड्यात रीतच पडली. घरात बारसं असो, लग्न असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, त्या घरानं विहाराला निदान पाच विटा द्यायच्या. प्रत्येक घराची चुन्यानं काढायची खूण ठरली, कुणाचा ठिपका, कुणाची रेघ, कुणाची फुली. झेंड्याच्या खांबापाशी विटा रचायच्या आणि त्या सांभाळायच्या गयाबाईनं. सगळ्यांनी उभं राहून शब्द दिला की विहाराची वीट विहारालाच लागेल, आणि तीनदा साधु म्हटलं. तीनदा साधु म्हटलेली गोष्ट मोडायची म्हणजे काय, हे वाड्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

एक गोष्ट गयाबाईनं स्वतःच्या मनानं ठरवली होती. भट्टीवर ती दिवसभर विटा पारखायची. दोन विटा एकमेकींवर आपटायच्या. खणखणली की पक्की, बद वाजली की आतून कच्ची, ती बाजूला. मुकादम डोळे मिटून तिच्या कानावर विश्वास ठेवायचा. पण विहाराची वीट तिनं कधी वाजवून घेतली नाही. दान का वाजवून घेतात? ज्यानं जशी आणली तशी ती दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची आणि रचायची. इथंच ती चुकली, पण ते कळायला अकरा वर्षं जावी लागली.

मधू गेला एक्याऐंशीच्या मे महिन्यात, नऊ वर्षांचा. वाड्याची विहीर धम्म घेतल्याच्या दुसऱ्याच वर्षी जुन्या माणसांनी स्वतःच्या हातानं खणलेली. त्याआधी गावच्या विहिरीवर लांब उभं राहून ओंजळ पसरावी लागायची, म्हणून तिचा मोठा अभिमान. पण ती उन्हाळ्यात आटायची. आटली की लोक नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी आणायचे. त्या पाण्यानं त्या वर्षी चार पोरांना कावीळ झाली. तिघं उठली. मधू नाही उठला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या पाच विटा गयाबाईनं स्वतः थापल्या. चिखल तिनंच मळला, साच्यात तिनंच भरला, आणि हंगामाची शेवटची भट्टी लागत होती तिच्यात त्या ठेवायला मुकादमाच्या हातापाया पडली. मुकादमानं कडेला जागा दिली. भाजून निघाल्यावर तिनं त्या गोणपाटात गुंडाळल्या आणि ढिगाच्या पार तळाशी, कोपऱ्यात ठेवल्या. त्यांच्यावर मग दहा वर्षांची बारशी, लग्नं आणि मरणं रचली गेली. दर पावसाळ्याआधी ती उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जायची, एका सिंधी शेठशी तासभर हुज्जत घालून जुनी ताडपत्री आणायची आणि ढीग झाकायची. स्वतःचं घर गळत असलं तरी ढीग गळू द्यायचा नाही. बायका मागून म्हणायच्या, गयाबाईला विटांचं वेड लागलंय. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सुदामची तेवढी होती. सुदाम तिचा धाकटा दीर. सासूसासरे लवकर गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. गयाबाईनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला, शाळेत घातला. आता अंबरनाथच्या एका कारखान्यात होता, द्रौपदीशी लग्न होऊन दोन मुली होत्या. मधू गेल्यावर गयाबाईला आपलं म्हणायला हा एवढाच.

एक्याण्णवच्या मे महिन्यात विहीर पुन्हा तळाला गेली. वाड्यानं ठरवलं की या खेपेला सहा हात खोल न्यायचीच. बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी वंदना झाली, खीर वाटली, आणि सगळे बसलेलेच आहेत तर सुदामनं विषय काढला. विहिरीचं वरचं बांधकाम दगडी, खाली नुसता मुरूम. काठावरच्या चिंचेच्या बाजूला दगडाखालचा मुरूम झिजून दगड अधांतरी लोंबायला लागले होते. अंबरनाथ पश्चिमेचा शंकर गवंडी त्यानं मुद्दाम आणून दाखवला होता. शंकर वाड्याचाच जावई, केस पिकलेला माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं, आधी त्या दगडांखाली विटांचा टेका बांधा, मग खाली खणा. सुदामनं हात जोडून वाड्याकडं विहाराच्या विटा मागितल्या. पुढच्या वर्षी सगळे मिळून भरून देऊ म्हणाला.

सगळ्यांनी गयाबाईकडं बघितलं. ती नुसती नाही म्हणाली असती तर गोष्ट वेगळी होती. ती म्हणाली, आज विहिरीला द्या, उद्या गटाराला द्या, परवा जयदेवच्या न्हाणीला. लोक हसले. सुदाम चिडला, आणि चिडलेल्या माणसाच्या तोंडून जे निघू नये तेच निघालं.

"मधू कशानं गेला, वैनी? पाण्यानंच ना?"

  तो खरं बोलतोय हे गयाबाईला कळत होतं आणि म्हणूनच तिचा संताप झाला. ती उठली, पदर खोचला.

"माझ्या पोराला मधे घालून विटा मागतोस? एक वीट हलणार नाय. शब्द सगळ्यांनी दिलाय."

 सुदाम खिरीची वाटी तशीच ठेवून निघून गेला. गयाबाईला रात्री वाटलं, सकाळी त्याच्याकडं जावं. सकाळी वाटलं, आपण का जायचं, बोलला तो. दोन दिवस असेच गेले.

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. उजाडताच पुरुष विहिरीवर जमले. टेका नाही तर नाही, पण पाऊस आठ दिवसांवर आला होता, आणि एकदा पाणी भरलं की खणणं पुढच्या उन्हाळ्यावर. सुदाम म्हणाला, चिंचेची बाजू सोडून खणतो, आणि तो दोराला धरून उतरलासुद्धा. गयाबाई घरात चूल फुंकत होती. नऊच्या सुमारास तिला मोठा आवाज आला नाही. आला तो द्रौपदीचा, आणि तो ऐकून तिच्या हातातली फुंकणी गळाली.

विहिरीवर माणसं काठापासून लांब उभी होती, कारण शंकर गवंडी सगळ्यांना मागं ढकलत होता. सकाळी तो आपणहून आला होता, काम बघायला, नशीब त्या सुदामचं. चिंचेच्या बाजूचा मुरूम घसरला होता आणि सुदाम कमरेपर्यंत त्यात गाडला गेला होता. जिवंत होता, बोलत होता. पण त्याच्या बरोबर डोक्यावर पाच-सहा हात रुंद दगडी बांधकाम आता खाली काहीच नसल्यासारखं लोंबत होतं. मधूनमधून मूठभर मुरूम सुटायचा आणि खालच्या पाण्यात पडायचा, तेवढाच आवाज. बंबाला फोन करायला एक जण सायकलवर स्टेशनकडं पळाला होता. बंब अंबरनाथहून येणार, किती वेळात ते कुणाला सांगता येईना.

दोन-तीन जण उतरून त्याला ओढायला निघाले होते. शंकरनं त्यांना अडवलं. माती उपसायला लागलात की वरचे दगड येणार, म्हणाला, आणि मग उतरेल त्याच्यासकट सगळे जातील. आधी दगडांना टेका, मग माणूस. तो हे सांगत होता सगळ्यांना, पण बघत होता गयाबाईकडं. सगळेच बघत होते. द्रौपदी तेवढी बघत नव्हती. ती जमिनीवर बसून पदराचा बोळा तोंडात कोंबत होती.

 गयाबाई झेंड्याच्या खांबाकडं पळाली, ताडपत्रीच्या दोऱ्या विळ्यानं कापल्या आणि अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, पहिल्या चार विटा छातीशी धरून स्वतःच घेऊन आली. तीनदा साधु म्हटलेला शब्द तिनं असा मोडला. कुणाला विचारलं नाही आणि तिला कुणी टोकलंही नाही.

माणसांची रांग लागली. ढिगापासून विहिरीपर्यंत हातोहात विटा, विहिरीपाशी घमेल्यात, घमेलं दोरानं खाली. शंकर समोरच्या बाजूनं उतरला होता, घसरलेल्या मुरुमाच्या कडेला पाय रोवून तो दगडांखाली कोरड्याच विटा रचत चालला. दोन घमेली झाली, चार झाली, लोकांचा जीव जरा खाली आला. तेवढ्यात खालून काहीतरी फुटल्याचा आवाज आला, भसकन मुरूम सुटला आणि सुदाम ओरडला. सगळ्यांचे हात थांबले.

शंकरचा आवाज वर आला, "कच्ची वीट पाठवताय! भार पडला की भुगा होतोय. पक्कीच पाठवा, नायतर पाठवू नका."

सगळे आपापल्या हातातल्या विटेकडं बघायला लागले. वरून सगळ्या लाल, सगळ्या सारख्या. कोण सांगणार? गयाबाई ढिगापाशी फतकल मारून बसली आणि म्हणाली की आता कुणी बोलायचं नाही, मला ऐकू आलं पाहिजे. द्रौपदीला तिनं हातानंच खूण केली, आणि त्या पोरीनं बिचारीनं रडणं गिळलं.

मग वाडाभर चिडीचूप झालं. शंभर माणसं उभी, पण कोंबडीचा आवाज ऐकू यावा. गयाबाई वीट उचलायची, दुसरीवर मारायची. खणखणली की उजवीकडं, रांगेत. बद वाजली की डावीकडं, मातीत. उजवीकडं, डावीकडं. हातांची सालं निघाली तरी तिला कळलं नाही. तिच्या कानात दोनच गोष्टी होत्या, हातातली वीट आणि विहिरीतला सुदाम, जो अधूनमधून सांगत होता की पाय बधिर झालेत, आणि मग सांगेनासा झाला.

डावीकडचा ढीग उजवीकडं गेलेल्या विटांपेक्षा मोठा होत चालला, आणि प्रत्येक विटेवर चुन्याची खूण होती. जो तो आपली खूण ओळखत होता. जयदेवनं थोरल्या पोराच्या लग्नात शंभर विटा दिल्या होत्या, बैठकीत ते दरवर्षी ऐकायला मिळायचं. त्याच्या ठिपक्याच्या विटा एकामागून एक बद वाजल्या. भट्टीवर टाकून दिलेला माल फुकट मिळतो, हे इथं कुणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांनी थोडाफार तोच आणला होता. विहार काय, होईल तेव्हा होईल. जयदेव रांगेत खाली मान घालून विटा पुढं देत राहिला. या माणसाला मी एरवी बरं म्हणत नाही, पण त्या दिवशी तो रांग सोडून गेला नाही हेही खरं. आणि फुलीच्या विटा, एका लग्नाच्या आणि दोन मुलींच्या बारशांच्या, सगळ्या खणखणल्या. फुली सुदामची होती. गयाबाईला रडू फुटलं, पण रडत बसली तर ऐकू कसं येणार? तिनं नाक ओढलं आणि पुढची वीट उचलली.

ढीग संपत आला. खालून शंकर म्हणाला की शेवटचा थर राहिलाय, चार-पाच विटा, दगडाला टेकलं की माणूस मोकळा करतो. ढिगाच्या जागी आता फक्त गोणपाटाचं गाठोडं उरलं होतं.

गयाबाईनं गाठ सोडली. दहा वर्षांत या विटांना उजेड लागला नव्हता. पहिली उचलली, दुसरीवर मारली. बद. तिला वाटलं हात नीट पडला नाही. पुन्हा मारली. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या एकमेकींवर मारून बघितल्या. सगळ्या बद. शेवटची भट्टी, कडेची जागा, आग पोचलीच नव्हती. भट्टीवर पंचवीस वर्षं घालवलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? ठाऊकच होतं. म्हणून तर तिनं कधी वाजवून बघितल्या नव्हत्या, आणि म्हणूनच बहुधा कुणाच्याच वाजवल्या नव्हत्या.

रांगेतला पहिला माणूस हात पुढं करून उभा होता. पाच विटा, कोण ओळखणार होतं? थर पुरा झाला असता. एक क्षण तिचा हात पुढं झालासुद्धा. मग तिनं त्या पाचही डावीकडं ठेवल्या, टाकल्या नाहीत, ठेवल्या, आणि उठली.

"माझा ओटा फोडा. मधूच्या बापानं बांधलेला हाय, पक्का हाय."

जयदेवच पहार घेऊन पळाला. दारापुढचा ओटा फुटला, विटा निघाल्या, तिनं एकेक वाजवली आणि पाठवली.  मग खालून शंकर म्हणाला, "टेका बसला." एवढंच. त्यानंतर दोघं उतरले, हातानं मुरूम उपसला, आणि सुदामला दोरानं वर काढलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता आणि उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळला होता. पण श्वास चालू होता. बंब पोचला तो तेवढ्यात. त्याच गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. गयाबाई त्याच्याजवळ गेली नाही. फुटलेल्या ओट्यावर बसून राहिली, आणि संध्याकाळी द्रौपदीनं येऊन पाय वाचतोय म्हणून सांगितलं तेव्हा तिच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली.

पाऊस मात्र कुणासाठी थांबणार नव्हता. शंकर म्हणाला, हा कोरडा टेका पहिल्या पाण्यात ढासळेल, याच्यात माल भरायला हवा. आणि विहिरीच्या ओलीत मला विचाराल तर चुना आणि सुरखी. सुरखी म्हणजे विटांचा बारीक कूट; चुन्यात कालवली की पाण्यात राहून दगड होते. जुने गवंडी तेच वापरायचे. त्याला पक्की वीट चालत नाही, म्हणाला, कच्चीच लागते, नीट कुटली जाते.

कच्च्या विटांना काय तोटा होता? घराघरातून उखळ-मुसळं बाहेर आली आणि दोन दिवस वाड्यात विटा कुटल्या गेल्या. ज्यानं त्यानं आपापल्या खुणेच्या उचलल्या, कुणी कुणाला बोललं नाही. जयदेवची बायको वृंदा एकटी शंभर विटा कुटत बसली, मग तिला चार बायका जाऊन मिळाल्या. शंकर घमेली भरून चुन्यात कालवायचा आणि खाली उतरायचा.

तिसऱ्या दिवशी सुदामला घरी आणलं, मांडीपर्यंत प्लास्टर. त्याला पडून राहायला सांगितलं होतं. तो दोघांच्या खांद्यावर हात टाकून सरळ गयाबाईच्या दारात आला. ओटा नव्हताच, उंबऱ्यावर बसला, पाय लांब केला. ती उखळापुढं बसली होती, मुसळ हातात, आणि बाजूला गोणपाट. किती वेळ अशी बसली होती कोण जाणे. शंकरचा माणूस दोनदा येऊन आणखी थोडी सुरखी हवी म्हणून सांगून गेला होता.

सुदामनं विटांकडं बघितलं. त्यांच्यावर खूण नव्हती.

"कुणाच्या या, वैनी?"

"मधूच्या."

त्यानं गोणपाट परत विटांवर ओढलं. मग म्हणाला, "असू दे. दुसऱ्या घरातनं आणू."

"नको." तिनं पहिली वीट स्वतः उचलून उखळात ठेवली. मुसळ उचलायला गेली, तर ते काही उचलेना. लाकडाचं मुसळ, रोजचं, आणि ते तिला उचलेना. तिनं ते त्याच्याकडं सरकवलं. "परवा या विटा पण पाठवणार होते मी तुझ्या डोक्यावर. हात पुढं झाला होता माझा."

"पाठवल्या नायस ना?"

"नाय."

सुदामनं प्लास्टरचा पाय बाजूला सरकवला, उखळ दोन्ही मांड्यांच्या मधे ओढलं आणि बसल्या बसल्या मुसळ उचललं. मारायच्या आधी त्यानं तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "बारीक कर. खडा राहू देऊ नको."

त्यानं पाचही विटा कुटल्या. ती कूट चाळणीनं चाळत होती, आणि खडा राहिला की परत त्याच्या उखळात टाकत होती.